विश्रांतवाडी ते रामल्ला : आपल्या समाजाचे आकडे आपल्या हातात हवेत

पुण्यात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना विश्रांतवाडीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवन वेगळे सांगावे लागत नाही. जात पडताळणी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, महामंडळाचे कर्ज, कशासाठी ना कशासाठी या इमारतीची पायरी प्रत्येकाने चढलेली असते. आत फायलींचे गठ्ठे आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की या समाजाची सगळी माहिती सरकारकडे आहेच.

पण त्या फायली कोणाच्या आहेत? ज्यांनी अर्ज केला, कागद जमवले आणि खिडकीपर्यंत पोहोचले, त्यांच्या. नववीतून शाळा सोडून डिलिव्हरीच्या गाडीवर बसलेल्या मुलाची तिथे फाईल नाही. पदवी घेऊन सोसायटीच्या गेटवर बारा तास उभा राहणारा, पहाटे कचरा वेचायला निघणारी, मायक्रोफायनान्सच्या तीन गटांचे हप्ते एकाच पगारातून फेडणारी, यांची नोंद कुठेच नाही. अर्जदारांची मोजदाद आणि समाजाची मोजदाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आज हा विषय घेण्याचे कारण म्हणजे येणारी जनगणना. तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तिच्यात सर्वच जातींची नोंद होईल, असा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. पुढची दहा-पंधरा वर्षे आपल्याबद्दल जे बोलले जाईल, जो निधी ठरेल आणि जे खटले लढले जातील, त्या सगळ्यांचा पाया या मोजणीत आहे. म्हणून आर्थिक-सामाजिक संशोधन ही विद्यापीठातल्या प्राध्यापकांची बाब आहे असे समजून आपण बाजूला राहू शकत नाही.

बाबासाहेबांनी आकडे का मागितले?

बाबासाहेब आधी अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण भाषणात सांगतो. त्या शिस्तीचा उपयोग त्यांनी समाजासाठी कसा केला, हे मात्र सांगायचे राहून जाते. १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेती तुकड्यातुकड्यांची झाली म्हणून गरिबी आहे, असे तेव्हा सगळे म्हणत होते. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा तपासला. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, त्या हातांना खरे काम नाही, आणि उपाय उद्योगधंदे वाढवण्यात आहे, असे त्यांनी मांडले.

१९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी मुंबई प्रांतातील दलित वर्गाच्या शिक्षणाची स्थिती मांडली. कोणत्या पायरीवर किती मुले पोहोचतात, हे त्यांनी इतर समाजांशी तुलना करून दाखवले. त्याच वर्षी मुंबई सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. समितीने जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून साक्षी घेतल्या आणि १९३० मध्ये अहवाल दिला.

पुढे मताधिकारासाठी लोथियन समिती आली तेव्हा एक विचित्र प्रकार घडला. अस्पृश्यांना राजकीय हक्क मिळणार असे दिसताच अनेक प्रांतांतले पुढारी म्हणू लागले की आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच. कालपर्यंत कोट्यवधी असलेली माणसे कागदावर अचानक थोडकी झाली. या प्रकारावर बाबासाहेबांनी ‘फ्रॉम मिलियन्स टू फ्रॅक्शन्स’ हा स्वतंत्र निबंध लिहिला आहे. कार्यकर्त्यांनी तो मुळातून वाचावा. संख्या कमी दाखवली की हक्क आपोआप कमी होतो, हे त्यातून स्पष्ट होते.

पुण्यात आपला अभ्यास कोणी केला?

सामाजिक-आर्थिक पाहणीची परंपरा पुण्यात शंभर वर्षांहून जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१२ मध्ये या शहरातील अस्पृश्य वर्गावर लेख प्रसिद्ध केला. १९१७ मध्ये त्यांचा पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास पुस्तकरूपाने आला. आज जिथे आयटीवाल्यांचे टॉवर उभे आहेत तेच हे गाव. शेतकऱ्याची सरासरी जमीन दीडशे वर्षांत सुमारे ४० एकरांवरून ७ एकरांवर कशी आली, हे मान यांनी कागदपत्रांवरून दाखवले.

१९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली तिने पुणे शहराची पाहणी केली. तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये आणि सामाजिक भाग १९५२ मध्ये छापला गेला. १९५६ मध्ये फेरपाहणीचे पुस्तक आले. देशातल्या शहरांच्या अभ्यासात हे काम आजही मानाने सांगितले जाते.

या अभ्यासांचे मोल आम्ही मान्य करतो. पण त्यांत आपली माणसे उत्तर देणारी होती. प्रश्न ठरवणारी, कोष्टके बांधणारी आणि निष्कर्ष लिहिणारी दुसरीच होती. १९७८ मध्ये सुरू झालेली आणि २००८ मध्ये स्वायत्त झालेली बार्टी ही संस्था ही उणीव भरून काढण्यासाठी महत्त्वाची आहे. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना अलीकडच्या वर्षांत आंदोलनाला बसावे लागले, ते याच दृष्टीने पाहायला हवे. समाजातून संशोधक तयार झाला नाही, तर आपल्यावरचे संशोधन पुन्हा दुसऱ्यांच्याच प्रश्नांवर चालेल.

पॅलेस्टाईनने काय केले?

स्वतःचे राज्य हातात नसलेला समाज स्वतःची मोजणी कशी करतो, हे पाहायचे तर पॅलेस्टाईनकडे पाहावे लागते. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. १९६७ मध्ये वेस्ट बँक आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात गेले आणि त्याच वर्षी इस्रायलने तिथे जनगणना केली. त्यानंतर तीस वर्षे तिथे जनगणनाच झाली नाही.

१९९३ मध्ये पॅलेस्टिनींनी स्वतःची केंद्रीय सांख्यिकी संस्था उभारली. राज्य नाही, सीमा नक्की नाहीत, पण मोजणीची संस्था मात्र आधी. १९९७ मध्ये त्यांनी आपली पहिली जनगणना केली. पूर्व जेरुसलेममध्ये इस्रायलने ती करू दिली नाही. त्या पहिल्या मोजणीत लोकसंख्या सुमारे २९ लाख निघाली. पुढे २००७ आणि २०१७ मध्येही जनगणना झाल्या, आणि २०१७ ची संख्या सुमारे ४७.८ लाख होती. १९९४ मध्ये ‘मास’ या नावाने ओळखली जाणारी आर्थिक धोरण संशोधन संस्थाही सुरू झाली. तिचे काम रामल्लातून चालते.

या संशोधनातून दोन गोष्टी पुढे आल्या आणि दोन्ही आपल्याला विचार करायला लावतात.

पहिली गोष्ट शिक्षण आणि रोजगाराची. पॅलेस्टिनी समाजात साक्षरता ९७ टक्क्यांच्या वर आहे. तरीही त्यांच्याच सांख्यिकी संस्थेनुसार २०२२ मध्ये बेरोजगारी वेस्ट बँकमध्ये सुमारे १३ टक्के, तर गाझात सुमारे ४५ टक्के होती. माणसे तीच, शिक्षणही तेच. फरक होता तो येण्याजाण्यावर, व्यापारावर आणि कामाच्या परवान्यांवर लादलेल्या बंधनांचा. शिकला म्हणजे सुटला, हे सूत्र रस्ता अडवलेला असेल तर चालत नाही.

दुसरी गोष्ट सारा रॉय या अभ्यासक बाईंनी गाझावरच्या १९९५ च्या पुस्तकात मांडली. गाझा मागासलेला आहे एवढे म्हणून भागत नाही. वर येण्याची त्याची क्षमताच पद्धतशीरपणे मोडली गेली आहे, असे त्यांचे म्हणणे. महार वतनाचा इतिहास आठवा. तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात अख्ख्या समाजाला गावाच्या चाकरीत बांधून ठेवायचे आणि वर ‘हे लोक पुढे येत नाहीत’ म्हणायचे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते ही साखळी तोडण्यासाठी.

ही तुलना ताणू नये. आपण नागरिक आहोत, आपल्याला मत आहे, संविधान आहे, आरक्षण आहे. ते ताब्याखालच्या भूमीत राहतात, आणि ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात गाझातली विद्यापीठेही उद्ध्वस्त झाली. पण म्हणूनच प्रश्न जास्त बोचतो. इतक्या कठीण स्थितीत ते आपली माणसे मोजू शकले, मग आपल्याला कोणी अडवले आहे?

आपल्याबद्दल आज काय माहीत आहे?

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९६१ मध्ये ती २७.८९ लाख झाली. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५.३१ लाख बौद्ध नोंदले गेले. राज्याच्या लोकसंख्येत हे प्रमाण ५.८ टक्के आहे, आणि देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीनहून अधिक महाराष्ट्रात राहतात.

त्याच जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के होती. देशाची सरासरी ७२.९८ होती. बौद्ध स्त्रियांची साक्षरता ७४.०४ टक्के, तर देशातल्या स्त्रियांची ६४.६३. ‘शिका’ हा आदेश समाजाने किती मनावर घेतला याचा हा पुरावा आहे. अभिमान जरूर बाळगावा.

पण पुढचा प्रश्न नोकरीचा आहे. सुखदेव थोरात हे बाबासाहेबांनी औरंगाबादला उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांनी आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त आडनावांचा ठेवला. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांशच होती. मुलाखतीआधीच, फक्त आडनाव वाचून. ‘आमच्याकडे गुणवत्ता पाहतात’ या वाक्याला इतके नेमके उत्तर शंभर भाषणांनी दिले नसते.

विश्रांतवाडी, खडकी, दिघी, देहूरोड या पट्ट्यात याची दुसरी बाजू दिसते. दारूगोळा कारखाना, लष्कराचे डेपो, रेल्वे, महापालिका अशा सरकारी नोकऱ्यांनी इथली अनेक बौद्ध घरे एका पिढीत उभी राहिली. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, त्यामागे अशाच कामगारांची वस्ती होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. कायम नोकरीच्या जागी कंत्राट येत आहे, आणि कंत्राटाला आरक्षण लागत नाही. आजोबा कायम कामगार, वडील कायम कामगार आणि नातू पदवीधर असूनही कंत्राटी, अशी घरे किती? हा आकडा मिळवायचा असेल तर घरोघरी जाऊन विचारावे लागेल.

आकडे कुठे हरवतात?

सरकारी आकडे वाचताना तीन खाचा लक्षात ठेवाव्यात.

एक, सरासरी. बौद्ध ८१ टक्के साक्षर म्हटले की चित्र संपल्यासारखे वाटते. पण साक्षर म्हणजे वाचता-लिहिता येणारा, पदवीधर नव्हे.

दोन, व्याख्या. रोजगाराच्या सरकारी पाहणीत चालू साप्ताहिक पद्धतीने मोजताना मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केले, तरी माणूस रोजगारात धरला जातो. आठवडाभर मजूर नाक्यावर उभे राहून एकच दिवस काम मिळालेला माणूस या हिशेबात बेकार नसतो.

तीन, रकाना. याच पाहणीच्या छापील अहवालात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती आणि शीख यांची कोष्टके असतात, बौद्धांचे नसते. मूळ माहितीत मात्र बौद्धांची वेगळी नोंद आहे आणि ती संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ‘बौद्ध / नवबौद्ध’ असा स्वतंत्र गटच आहे. अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र शिकणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी बसून महाराष्ट्राचे आकडे वेगळे काढले, तर समाजावर मोठे उपकार होतील. दुसरीकडे, जनगणनेच्या प्रभागवार प्राथमिक कोष्टकांत अनुसूचित जातींची संख्या मिळते, धर्माची नाही. म्हणजे विश्रांतवाडीत बौद्ध किती, हे त्या कोष्टकांवरून कळत नाही.

मोजणीतून हक्क कसा मिळतो?

याचे उदाहरण पुण्यातच आहे. शहरात कचरा वेचणाऱ्यांत दलित समाजातल्या स्त्रिया बहुसंख्येने आहेत. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. संघटनेने मोर्चे काढलेच, पण सोबत हिशेबही मांडला. या बाया किती माल उचलतात, त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा आणि कचरा जिरवण्याचा किती खर्च वाचतो, हे कागदावर आले. महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, पुढे आरोग्य विमा आला, आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेला घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम मिळाले. त्यांचा लढा आजही संपलेला नाही. पण ज्यांना चोर समजून हाकलले जात होते, त्या आता शहराचा खर्च वाचवणाऱ्या कामगार म्हणून बोलतात.

आता आपण काय करायचे?

पहिले काम जनगणनेचे. २०११ मध्ये राज्यात ६५.३१ लाख बौद्ध होते, पण अनुसूचित जातींमध्ये नोंदलेले बौद्ध सुमारे ५२ लाखच होते. मधले तेरा लाख अनुसूचित जातींच्या मोजणीत आले नाहीत. सगळेच चुकून राहिले असे नाही, पण जातीचा रकाना कोरा ठेवणारे किंवा तिथेही ‘बौद्ध’ लिहिणारे त्यांत अनेक असतात. राखीव मतदारसंघ आणि अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतो. १९९० मध्ये कायदा दुरुस्त होऊन बौद्धांना अनुसूचित जातींत केंद्रीय पातळीवर स्थान मिळाले. धम्मदीक्षेनंतर त्यासाठी ३४ वर्षे झगडावे लागले. तो हक्क एका कोऱ्या रकान्याने पातळ होऊ देऊ नये.

‘जात सोडली, मग ती लिहायची कशाला?’ असा प्रश्न तरुण विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. आमचे मत असे : धर्माचा रकाना आपण काय स्वीकारले ते सांगतो, जातीचा रकाना समाजाने आपल्याशी काय केले ते सांगतो. दुखापतीची नोंद केली म्हणून कोणी दुखापतीचे समर्थन करत नाही. म्हणून धर्म ‘बौद्ध’ आणि जात आपल्या दाखल्यावर आहे ती, असे दोन्ही लिहावे. प्रगणक न विचारता धर्म भरत असेल तर थांबवावे आणि लिहिलेले वाचून दाखवायला सांगावे. हे सांगण्यासाठी प्रत्येक विहारात एक बैठक पुरेशी आहे.

दुसरे काम वस्तीच्या पाहणीचे. विश्रांतवाडी, फुलेनगर, धानोरी, येरवडा इथल्या विहारांनी आणि तरुण मंडळांनी मिळून सुरुवात केली तर हे सहज जमेल. थोडे नियम मात्र पाळावेत.

– आधी घरांची पूर्ण यादी करा. सगळी घरे जमत नसतील तर यादीतले दर पाचवे घर घ्या. ओळखीची घरे निवडलीत तर पाहणी तिथेच फसली.

– प्रश्न वीसच ठेवा : घरात कोण किती शिकले, शाळा कितवीत आणि का सुटली, काम कायम की कंत्राटी, पीएफ कापला जातो का, घर कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचे आणि हप्ता किती.

– घरातल्या बाईला स्वतंत्र विचारा. ‘ती घरीच असते’ या उत्तरामागे दोन घरची धुणीभांडी लपलेली असतात.

– शेजारच्या इतर समाजांची घरेही घ्या. तुलनेशिवाय आकडा मुका असतो.

– नाव, फोन नंबर, आधार क्रमांक घेऊ नका. संमती घ्या. कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला यादी देऊ नका.

– निष्कर्ष आधी वस्तीत वाचून दाखवा, मगच बाहेर द्या.

न आवडणारे आकडेही स्वीकारायचे

शेवटचा मुद्दा कठीण आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता देताना त्यासाठी प्रत्यक्ष माहितीचा आधार हवा असे म्हटले. महाराष्ट्र सरकारने त्यावर निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. या विषयावर समाजात तीव्र मते आहेत. कोणतेही मत असले तरी ते आकड्यावर उभे करावे लागेल.

आणि आकडा कधी कधी आपल्या विरोधात बोलेल. शेजारची मातंग वस्ती आपल्याही मागे आहे, आपल्यातले सुस्थितीतले घर वस्तीपासून तुटले आहे, आपल्याच घरात मुलीचे शिक्षण मुलाच्या आधी थांबते, असेही निघेल. ते लपवायचे नाही. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा मोठ्या माणसाच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः तपासा, हा कालाम सुत्तातला उपदेश आपण दुसऱ्यांना ऐकवतो. तो आपल्यालाही लागू आहे.

येत्या वर्षावासात विहारांमधून ग्रंथवाचन होईलच. त्यातला एक रविवार या कामासाठी काढावा. वही, पेन आणि दहा तरुण एवढे भांडवल सुरुवातीला पुरते. पाहणी केलेल्या मंडळांनी आम्हाला कळवावे. निष्कर्ष, नावे वगळून, आम्ही प्रसिद्ध करू.

जय भीम!